गर्भाशयाची पिशवी काढायची म्हणतायत. "तसाही आता तिचा काय उपयोग?"

ओंजळभर | ९ जुलै, रात्री ११.४०

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४७, मुक्काम नाशिक, शाळेत शिकवते. दीड वर्षापासून पाळीचं तंत्र पार बिघडलंय. कधी चाळीस दिवस पत्ता नसतो, आणि आली की बारा-बारा दिवस मुक्काम. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तासाला एक पॅड. वर्गात गडद रंगाच्या साड्यांशिवाय काही नेसत नाही. फळ्यावर लिहून वळले की आधी पहिल्या बाकावरच्या मुलींचे चेहरे बघते. डाग पडला असेल तर तिथे लगेच कळतं.

मागच्या आठवड्यात जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ७.४. सोनोग्राफीत सहा सेंटिमीटरची फायब्रॉईडची गाठ. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "पिशवी काढून टाकू. ओव्हरीजही, म्हणजे अंडाशयंही, काढू लगेहाथ, म्हणजे पुढे कॅन्सरची कटकट नको. तसाही आता तिचा काय उपयोग? दोन मुलं झालीत ना?" नवरा शेजारी बसला होता, डॉक्टर त्याच्याकडे बघून बोलत होते. मी केस बांधत बाहेर आले तोवर काउंटरवरचे लोक ऑपरेशनची तारीख विचारत होते.

सासूबाई म्हणतात काढून टाक, त्यांच्या सगळ्या बहिणींच्या काढलेल्या आहेत. आई म्हणते अजिबात काढू नकोस, बाई आतून पोकळ होते. नवरा म्हणतो तू ठरव, म्हणजे त्यालाही काही सुचत नाहीये.

मला इतकंच विचारायचंय. ज्यांनी काढली त्यांना पुढे कसं गेलं? ओव्हरीज ठेवल्या का? आणि पाळी आपोआप जायची वाट बघत बसणं शहाणपणाचं आहे का?

तिखटमीठ | ९ जुलै, रात्री ११.५८

आधी एक. "काय उपयोग" हा निकष लावला तर घराघरातल्या किती वस्तू काढाव्या लागतील! आमच्याकडे एक रोज संध्याकाळी सोफ्यावर पडलेली असते.

आता गंभीर. हिमोग्लोबिन ७.४ घेऊन तू वर्गात उभी आहेस? रजा टाक बाई.

मोरपिशी | १० जुलै, सकाळी ७.१५

मी काढली. वय तेव्हा ४४, अ‍ॅडेनोमायोसिस होता, म्हणजे पिशवीचं अस्तर तिच्याच भिंतीत वाढतं तो आजार. महिन्यातले दहा दिवस गरम पाण्याची पिशवी पोटाला बांधून बँकेत बसायचे. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. ओव्हरीज ठेवल्या.

मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. दीड महिना जड उचललं नाही, सासूबाईंनी पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. तीन महिन्यांनी बाजारात जाऊन पांढरीशुभ्र सलवार घेतली, वीस वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या डिसेंबरात कळसूबाई चढले. आतून पोकळ वगैरे काही होत नाही, आईंना सांग. तिथे आतडी येऊन बसतात, जागा रिकामी राहत नाही. सोसायटीच्या पार्किंगसारखं.

अबोली७१ | १० जुलै, सकाळी ९.०२

माझी ५१ व्या वर्षी आपोआप गेली. तीन वर्षं त्रास झाला, पण काढायची वेळ आली नाही. वाफा यायच्या. भर पावसाळ्यात, बाहेर गारठा, आणि मी ओट्याशी उभी राहून पदराने वारा घेतेय. मानेतून सुरू होऊन कानापर्यंत जायची, दोन-तीन मिनिटांत ओसरायची, मागे घाम आणि थंडी. त्याहून वाईट म्हणजे झोप. पहाटे तीनला टक्क जाग, आणि तेव्हा १९९४ साली नणंद काय बोलली होती ते आठवायचं.

ओंजळभर, तुझी गोष्ट मात्र वेगळी आहे. इतकं अंगावर जाणं म्हणजे "वयानुसार असतं" म्हणून सोसायची गोष्ट नव्हे.

खिडकीतला_माणूस | १० जुलै, सकाळी १०.३०

पुरुषांनी इथे लिहिलेलं चालतं का माहीत नाही. दोन वर्षं आमच्या खोलीत एसी अठरावर असतो आणि मी आईची गोधडी पांघरून, कानटोपी घालून झोपतो. विजेचं बिल बघून एकदा बोललो. पुन्हा बोललो नाही.

ती मधूनच रडायची, कारण विचारलं तर आणखी रडायची. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं, मग मी फुगून बसायचो. शेवटी मुलीने दोघांना बसवून सांगितलं की बाबा, हे हार्मोन्सचं आहे, तुझ्याविषयी नाहीये. तोवर आमचं एक वर्ष वाया गेलं होतं.

तिखटमीठ | १० जुलै, सकाळी १०.४१

@खिडकीतला_माणूस, कानटोपीसाठी तुम्हाला माझ्याकडून शंभर गुण. सोफा प्रकरणातून तुम्हाला वगळलंय.

टाकेदार | १० जुलै, दुपारी २.२०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथून निदान करणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न देते.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा: पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवलाय का? पंचेचाळिशीनंतर असं अनियमित आणि भरपूर जात असेल तर तो तपासायचाच. गाठ दिसली म्हणून सगळा दोष तिच्यावर टाकून मोकळं होता येत नाही. गाठही असू शकते आणि अस्तरात दुसरं काही असू शकतं. याचं उत्तर हातात आल्याशिवाय काढायची की ठेवायची हा वादच फिजूल.

दुसरा: गाठ नेमकी कुठे आहे? आतल्या पोकळीत घुसलेली छोटी गाठसुद्धा धो-धो रक्त काढते, आणि बाहेरच्या बाजूची मोठी गाठ गुपचूप बसून असते. पोकळीतली असेल तर काही वेळा खालून दुर्बीण घालून तेवढीच काढता येते. पोकळीचा आकार फार बिघडलेला नसेल तर मिरेना, म्हणजे हार्मोन सोडणारी, कॉपर-टीसारखी बसवायची वस्तू, हा पर्याय असतो. तिने बऱ्याच जणींचं जाणं अगदी कमी होतं. रक्त थांबवायला ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या असतात. पाळी कायमची गेली की बहुतेक फायब्रॉईड आक्रसतात, म्हणून ४७ व्या वर्षी कधीकधी वेळ काढून नेणं हाही उपचारच असतो. पण हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असताना नुसती वाट बघत बसू नका. ऑपरेशन करा वा न करा, आधी लोह भरून काढा. शिरेतून देता येतं, गोळ्यांपेक्षा लवकर चढतं.

ओव्हरीजबद्दल संध्याकाळी लिहिते, ओपीडी आहे.

कडूकिराईत | १० जुलै, दुपारी ३.०५

डॉक्टरांचा धंदा आहे हा. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिशव्या कुणी काढल्या होत्या? शतावरी, अशोकारिष्ट, जवस, आणि मन शांत. निसर्ग त्याचं काम करतो. खात्रीशीर काढा हवा असेल तर माझ्या नंबरवर

धागापाल | १० जुलै, दुपारी ३.३०

वरच्या प्रतिसादातला फोन नंबर आणि किंमत काढली आहे. मत ठेवलं आहे.

चुलीवरची | १० जुलै, दुपारी ४.१२

आज्यांचा विषय निघालाच तर माझ्या आजीचं सांगते. गुहागरच्या बाजूला गाव. नऊ बाळंतपणं, त्यातली सहा जगली. तिचं अंग, म्हणजे पिशवी, खाली सरकून बाहेर यायचं. चाळिशीपासून सत्तरीपर्यंत, तीस वर्षं, ती लुगड्याची घडी आत दाबून शेणगोठा करायची, विहिरीचं पाणी ओढायची. घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती गेल्यावर आंघोळ घालणाऱ्या बायकांना कळलं. मोठ्या काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "म्हणूनच ती कधी उकिडवी बसत नसे."

निसर्ग त्याचं काम करतो हे खरंय. त्याने केलं.

मोरपिशी | १० जुलै, दुपारी ४.३०

अंगावर काटा आला.

टाकेदार | १० जुलै, रात्री ८.५०

चुलीवरची, अशा बायका मी आजही बघते. अंग बाहेर येण्यावर रिंग बसवता येते, ऑपरेशन करता येतं, आणि लवकर आल्या तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामानेही फरक पडतो. पण त्या येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

आता ओव्हरीज. पिशवी आणि अंडाशयं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवी काढली की पाळी थांबते, पण अंडाशयं जागेवर असतील तर हार्मोन्स चालू राहतात. अंडाशयं काढली तर एका दिवसात रजोनिवृत्ती येते, जी निसर्ग चार-पाच वर्षं घेऊन हळूहळू आणतो. लवकर काढली तर हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. तुमच्या आई, बहिणी, मावश्या यांच्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग असेल, किंवा जनुकीय तपासणीत दोष निघाला असेल, तर गणित बदलतं. तसं काही नसेल, अंडाशयं निरोगी असतील आणि पाळी अजून चालू असेल, तर "लगेहाथ" काढायला कारण लागतं. "लगेहाथ" हे कारण नव्हे.

एक मधला मार्ग: अंडाशयं ठेवून फक्त नळ्या (बीजवाहिन्या) काढायच्या. अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा कर्करोग बऱ्याचदा नळीच्या टोकाला सुरू होतो, त्यामुळे तो धोका कमी होतो आणि हार्मोन्सही राहतात.

सांजवात | १० जुलै, रात्री १०.१५

हे वाचून उठून बसले. मला हे बारा वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं.

वय ३९. एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो तो आजार. पोटात सगळं चिकटलेलं. पिशवी आणि दोन्ही ओव्हरीज काढल्या. कदाचित लागतच असेल काढायला, त्याबद्दल मी भांडत नाही. पण पुढे काय होणार ते कुणी बोललं नाही. ऑपरेशनच्या तिसऱ्या रात्री जाग आली ती भिजलेल्या उशीवर. मला वाटलं ताप भरला, जखम पिकली. नर्स म्हणाली, "होतं असं." टाके काढले, रजा दिली, संपलं.

त्यानंतर दोन वर्षं मी माणसात नव्हते. मुलगा सातवीत होता. त्याच्या दप्तरात मी एकदा रिकामा डबा भरून दिला, म्हणजे झाकण लावून, रुमालात बांधून, आत काहीच नाही. बोलताना शब्द सापडायचे नाहीत, "ते हे, पाणी गरम करायचं" म्हणायचे गिझरला. नवऱ्याजवळ जायची भीती वाटायची, कारण नुसतं दुखायचं. तो समजूतदार होता पण मी त्याला सांगितलंच नाही काय दुखतं ते. त्याला वाटलं मन उडालं.

४८ व्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि मनगट मोडलं. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, केली तर हाडं सत्तरीतल्या बाईसारखी. तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं, "ओव्हरीज काढल्यावर हार्मोन्स घेत होतात ना?" मी विचारलं, "कुठले?"

अबोली७१ | १० जुलै, रात्री १०.४०

सांजवात... काय बोलू.

थेम्सकाठ | ११ जुलै, पहाटे ३.२०

इथे लंडनमध्ये माझ्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, मला विचारलं, एचआरटी (पाळी जाताना कमी होणारे हार्मोन्स औषधातून द्यायचा उपचार) हवी का. मी सांगलीची, लगेच म्हणाले, नको बाई, कॅन्सर होतो. तिने खुर्ची पुढे ओढली आणि वीस मिनिटं समजावलं. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी भीतीने गोळ्या फेकून दिल्या. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केली तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त आणि धोका कमी असतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल तर सहसा देत नाहीत.

मी पॅच लावते, कमरेखाली, आठवड्यातून दोनदा बदलायचा. चामडीतून जात असल्यामुळे गोळीसारखा रक्ताच्या गुठळीचा धोका वाढत नाही. पिशवी जागेवर आहे म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉनही घ्यावं लागतं, नाहीतर अस्तर वाढतं. पिशवी काढलेल्यांना बहुधा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून एचआरटीच्या औषधांसाठी वर्षाचे पैसे एकदाच भरायची सोय झालीये.

चौथ्या दिवशी झोप लागली. सलग. सकाळी उठून मी नवऱ्याला पोहे करून दिले, तो घाबरला.

टाकेदार | ११ जुलै, सकाळी ८.०५

@थेम्सकाठ, व्यवस्थित लिहिलंत. भर एवढीच: चाळिशीच्या आधी किंवा आसपास अंडाशयं काढली आणि काही आडकाठी नसेल तर निदान पाळी नैसर्गिकपणे गेली असती त्या वयापर्यंत हार्मोन्स द्यायला हवीत. सांजवात, तुमच्याबाबतीत हे राहून गेलं. आणि जे दुखणं तुम्ही लिहिलंत त्यावर फक्त योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं. सारखी लघवीला जळजळ होणाऱ्या बायकांनाही त्याचा उपयोग होतो. मात्रा अगदी थोडी असते. पन्नाशीतल्या दहा बायका मला गुडघे दुखतात म्हणून सांगतात, त्यातली एक उठता उठता दाराशी थांबते आणि हे सांगते.

बालाघाट | ११ जुलै, दुपारी १.१०

सगळ्यांचं वाचलं. माझं जरा येगळं आहे. मी बीड जिल्ह्यात आरोग्याचं काम करते, ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत.

इथं मिडलाइफ वगैरे काही नाही. इथं पंचविशीत, तिशीत पिशवी काढलेल्या बायका आहेत. २०१९ ला पेपरात आलं तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

कारण विचारता? नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात. पाळीत पोट दुखलं तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं. फडावर पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, असती, संडास नाही, धुवायला पाणी नाही, कापडच वापरायचं, ते वाळवायला जागा नाही. मग अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, दवाखान्यात जातात, आन कुणीतरी म्हणतं पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल. बाई घाबरती. कर्ज काढून ऑपरेशन करती, ते फेडायला परत कोयता उचलती. कमर धरली, चक्कर येती, म्हणत परत माझ्याकडं येती. वय विचारलं तर बत्तीस.

आता खासगी दवाखान्यात पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते असं झालंय. त्यानं फरक पडला. पर फडावर अजून पाणी नाही.

ताईंना कमी लेखत नाही. फक्त "तसाही काय उपयोग" हे वाक्य मी लई वेळा ऐकलंय, म्हणून लिहिलं.

कलमदान | ११ जुलै, दुपारी ३.४५

वकील आहे म्हणून दोन गोष्टी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या सुमारे ३.२ टक्के बायकांची पिशवी काढलेली होती. आंध्र प्रदेशात तोच आकडा जवळपास ९ टक्के. राज्याराज्यांत इतका फरक फक्त आजारांमुळे पडत नाही. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका होती. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

दुसरी गोष्ट इथल्या प्रत्येकीच्या कामाची. २००८ च्या एका निकालात असं प्रकरण होतं: ४४ वर्षांची बाई फक्त दुर्बिणीने तपासणी करायला टेबलावर गेली, भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी पिशवी आणि अंडाशयं काढली. न्यायालय म्हणालं, बाई सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, जिवाचा धोका नव्हता, तर आईची संमती चालत नाही. तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. तेव्हा संमतीपत्रावर काय काय काढणार ते वाचून सही करा. "आणि आवश्यक ते सर्व" असं छापलेलं असेल तर तिथेच पेन थांबवा.

कडूकिराईत | ११ जुलै, दुपारी ४.००

म्हणजे मी धंदा म्हटलं तर नंबर काढला, वकिलांनी म्हटलं तर टाळ्या.

तिखटमीठ | ११ जुलै, दुपारी ४.०४

वकील काढा विकत नाहीयेत.

जाईजुई_५८ | ११ जुलै, संध्याकाळी ६.३०

एक धोक्याची सूचना. माझ्या मोठ्या जाऊबाईंची पाळी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. मग एक दिवस दोन थेंब. त्या खूश झाल्या, म्हणाल्या, "बघ, अजून तरुण आहे मी!" पुतण्याचं लग्न होतं, गडबडीत दोन महिने गेले. मग पुन्हा. मी ओढत नेलं. पिशवीच्या अस्तराचा कर्करोग, सुदैवाने अगदी पहिल्या टप्प्यातला. ऑपरेशन झालं, आता पाच वर्षं ठणठणीत आहेत.

बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर एक थेंबही दिसला तर तो पाळीचा नसतो. लग्नं होत राहतात.

मांडवीतीर | ११ जुलै, रात्री ९.२०

जरा हलकं. पाळी गेल्यावर दुःख झालेल्या बायका मी फक्त मालिकांत पाहिल्या. आमच्या पेडण्याच्या घरी आईने त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गणपतीची सगळी तयारी केली, गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या माटोळीसकट, कारण दरवर्षी ऐनवेळी बाहेरची बसायची धास्ती. आणि माझी सासू कोल्हापूरची, तिची गेली त्याच्या पुढच्याच वर्षी आळंदीहून दिंडीत निघाली. म्हणाली, चाळीस वर्षं माळ गळ्यात आहे पण वारीत अडचण आली तर कुठे बसू, म्हणून निघालेच नाही. ती पंढरपूरहून परत आली तेव्हा तिच्या पायाला फोड होते आणि आवाज बसला होता.

शिवाशीव मी मानत नाही. पण तिचं सुख मला दिसलं.

अबोली७१ | ११ जुलै, रात्री ९.५०

अवांतर: ऑपरेशननंतर डिंकाचे लाडू द्यायचे का? आमच्याकडे मेथीचे देतात.

मोरपिशी | ११ जुलै, रात्री ९.५५

अळीवाचे! लोह असतं.

चुलीवरची | ११ जुलै, रात्री १०.०१

बाळंतीण नाहीये ती. साधी पेज, मेतकूट आणि झोप. पहिले आठ दिवस पोट साफ होणं हाच सण असतो, लाडू कसले वळताय?

(यापुढचे लाडवांवरचे चौदा प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. – धागापाल)

खिडकीतला_माणूस | १३ जुलै, सकाळी ९.००

धागा बायकोला वाचायला दिला. तिने कानटोपीचा भाग वाचून फोन उशीखाली ठेवला आणि विचारलं, "एवढी थंडी वाजत होती तर बोलायचं ना." आता एसी बावीसवर आलाय. तिची थायरॉईडची तपासणीही केली, पातळी थोडी वाढलेली निघाली. इतके दिवस सगळंच पाळीच्या खात्यावर मांडत होतो.

ओंजळभर | १२ ऑगस्ट, रात्री १०.३०

महिनाभर गायब होते, माफ करा. रोज वाचत होते पण लिहायला काही ठरलेलं नव्हतं.

टाकेदारांचे प्रश्न वहीच्या पानावर लिहून नेले. पहिल्या डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, "इंटरनेटवरून आणलंत का?" मी हो म्हणाले. मग दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. अस्तराचा तुकडा तपासला, रिपोर्ट नॉर्मल. तो यायला सहा दिवस लागले, ते कसे काढले मलाच माहीत. शिरेतून लोह दोनदा दिलं, रक्त थांबायला गोळ्या. काल हिमोग्लोबिन १०.२ आलं. जिना चढताना बोलूही शकते.

गाठ भिंतीत आहे आणि पोकळीला बरीच दाबतेय. मिरेना बसवून बघता येईल पण निसटायची शक्यता आहे, असं त्यांनी चित्र काढून सांगितलं. निर्णय माझ्यावर सोडला. मी काढायचं ठरवलंय. पिशवी आणि नळ्या. ओव्हरीज राहणार. संमतीपत्र घरी आणून वाचलं, एका ठिकाणी खाडाखोड करून घेतली.

आई दोन दिवस बोलली नाही. मग तिने विचारलं, "तुला भीती वाटते का?" मी म्हटलं हो. तर म्हणाली, तिच्या वेळी तिलाही असंच जायचं, पाच वर्षं, ती काळ्या रंगाचे परकर स्वतः शिवून घालायची. मला ते परकर आठवतात. मला वाटायचं तिला काळा रंग आवडतो.

सांजवात | १२ ऑगस्ट, रात्री १०.५२

मीही गेल्या आठवड्यात जाऊन आले. क्रीम सुरू केलंय, हाडांसाठी औषध सुरू होतंय. नवऱ्याला सांगितलं, बारा वर्षांनी. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मला वाटलं मी म्हातारा दिसायला लागलो.

कडूकिराईत | १२ ऑगस्ट, रात्री ११.०५

वेळ काढून नेता आली असती असं माझं मत अजून आहे. पण तब्येतीला शुभेच्छा. नंबर देत नाही.

मोरपिशी | १२ ऑगस्ट, रात्री ११.१०

तारीख कधीची?

ओंजळभर | १२ ऑगस्ट, रात्री ११.२२

गणपती झाल्यावर. यंदा गौरी जाऊबाईंकडे दिल्यात, पण पुरण मीच वाटणार आहे. ते हलकं काम आहे ना? आणि हो, पुढून बटणांचे गाऊन नाशकात कुठे चांगले मिळतात?

तिखटमीठ | १२ ऑगस्ट, रात्री ११.२५

पुरण हलकं काम? ऑपरेशननंतर सांग, सोफ्यावरचा पाठवते वाटायला. गाऊनचं तुझ्या विपूत (विचारपूस पानावर) लिहिलंय. गडद रंगाचा घेऊ नकोस.